बिनसुईचे दिवस

आये, तुझ्या लेकाचा पाय गुडघ्यावरून कापावा लागेल असं पेणच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला पहिली तू आठवलीस, आणि आठवलीस म्हणून तुझा रागच आला. किती वर्षं झाली तुला जाऊन. मी आता वयानं तुझ्याहून मोठी आहे, गुडघे माझेही कुरकुरतात, पापड लाटायला येणाऱ्या पोरी मला काकी म्हणतात. तरी काही वाईट घडलं की तू आपली भिंतीला टेकून, एक पाय लांब करून माझ्यासमोर येऊन बसतेस. धाकटा बाहेर बाकावर होता. "काय म्हणले गो ताय?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "काय नाय, गोळ्या बदलणार हायत." आणि तोंड धुवायला म्हणून गेले ती नळ सोडून नुसतीच उभी राहिले.

पहिल्यापासून सांगते. तू गेलीस तेव्हा तो एवढासा होता, तुझा चेहरासुद्धा त्याला आठवत नाही. आता रोह्याला कंपनीत आहे, तीन पाळ्यांची नोकरी, तिथंच खोली घेऊन बायकोबरोबर राहतो. चाळिशी गाठायच्या आत साखर निघाली. तरी दर पावसाळ्यात रजा टाकून गावाला आबांच्या शेतात लावणीला जाणार म्हणजे जाणारच. तेच आपलं गडबच्या पुढचं, खाडीच्या बांधाला लागून असलेलं शेत. वर्षभर कंपनीचे जाडजूड बूट घालणारा माणूस, पण तिथं उतरणार अनवाणी. मी ओरडले तर म्हणतो, "चिखलात बूट घालून कोन उतरतो गो, लोक हसतील ना!" गेल्या लावणीत नडगीला काहीतरी लागलं, शिंपली असेल नाहीतर काटकी असेल, त्यानं बघितलंही नाही. जखम भरली. भात कापून झालं आणि तीच नडगी ठणकायला लागली. संध्याकाळ झाली की ताप.

मग गावातला सुईवाला डॉक्टर. तू असताना हा नव्हता. मोटारसायकलवरून बॅग घेऊन फिरतो, कुणाच्याही अंगणातून हाक मारली की थांबतो, कंबरेत सुई मारतो आणि चहा पिऊन पुढे जातो. माणूस वाईट नाही, हात हलका आहे, अडल्यानडल्याला धावून येतो. आपल्याकडे आता दुखणं म्हणजे सुई. सुई मारली की दुखणं संपलं, मग पुन्हा उठलं की पुन्हा सुई. धाकट्याला सुई मारली की ताप उतरायचा, तो रोह्याला पाळीवर जायचा, आणि थोड्या दिवसांत लंगडत परत यायचा. असं करता करता नडगी फुटली आणि पू वाहायला लागला. तेव्हा मी त्याला धरून पेणला आणलं, माझ्या घरी. फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर धरला तर हाड कुरतडल्यासारखं दिसत होतं. पू तपासायला दिला, त्यात काही वाढलं नाही. "हाडाचा टीबी वाटतोय," ते म्हणाले.

तो शब्द ऐकला आणि मी परत तुझ्या मागच्या पडवीत. तू पाटावर बसली आहेस, सुजलेला गुडघा लांब केला आहेस, आणि तरी पोह्याच्या पिठाच्या लाट्या करते आहेस, कारण पोह्यांच्या गिरणीत कामाला जाणं बंद झालंय आणि हात रिकामे ठेवायची तुला सवय नाही. तुझं ताट वेगळं, तुझा पेला वेगळा, तो पेला मोरीच्या फळीवर उपडा. एकदा मला तहान लागली म्हणून मी तोच उचलून प्यायले, तर तू सरपटत येऊन माझ्या मुस्काटात मारलीस. तुझ्या हातची मी खाल्लेली तेवढीच. मारलीस आणि मग मलाच जवळ न घेता, हात लांब धरून रडत राहिलीस. आणि आमचे आबा, तुझा नवरा. रोज सकाळी गोळ्या तुझ्या हातावर ठेवायचे, पाणी द्यायचे आणि म्हणायचे, "आ कर." तू आ करायचीस. ते जिभेखाली बघायचे, गुरांचे दात बघतात तसे. तरीही तू खंगतच चाललीस, गुडघा सुजतच राहिला, आणि आबांनी ठरवून टाकलं की ही गोळ्या तोंडात लपवते आणि नंतर थुंकते. तू शपथा घेतल्यास, देवाच्या घेतल्यास, लेकराच्या घेतल्यास. कोण ऐकणार? डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषध घेतलं की टीबी बरा होतो. बरा होत नाही म्हणजे घेत नाही. हिशेब सरळ होता. तू गेल्यावरही आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगत राहिले, औषध खाल्लं असतं तर जगली असती. धाकटा ते ऐकतच मोठा झाला. एकदा कॉलेजात असताना रागाच्या भरात मला म्हणाला होता, "माझ्यासाठी तिला चार गोळ्या गिळवल्या नाय." मी त्याच्याशी महिनाभर बोलले नव्हते.

आता त्याच गोळ्या त्याला. लघवी लाल होते ती बघून घाबरला, मी म्हटलं होते ती, घाबरू नकोस, मला ठाऊक आहे. गोळ्या मी माझ्या हातानं द्यायचे. आणि पाय वाईटच होत गेला. पुढच्या खेपेला हाडांचे डॉक्टर म्हणाले, "नियमित घेताहेत ना? पेशंट चुकवतात बऱ्याचदा." आये, माझं डोकंच फिरलं. त्या माणसाचा काही दोष नव्हता, त्यानं रोजचाच प्रश्न विचारला होता. पण मी दवाखान्यात सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "तुम्हाला दुसरं काय येतं का विचारायला? औषध लागू पडत नाय म्हणजे माणूसच खोटा?" धाकटा मला हाताला धरून ओढत होता, त्याला डॉक्टरांनी बाहेर बाकावर बसायला पाठवलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "बाई, मग माझ्याकडे एकच उपाय उरतो. हाड वरपर्यंत सडायच्या आत पाय काढू. जीव वाचेल."

धाकट्याच्या बायकोनं रोह्याहून फोन केला. तिथं आठवड्यातून एकदा मुंबईची एक डॉक्टरीण येते, ती असले न सापडणारे जंतूच बघते, पाय कापायच्या आधी तिला दाखवू. गेलो. रिक्षा केली, त्याचा पाय माझ्या मांडीवर, आणि महामार्गाचे खड्डे. नागोठणं येईपर्यंत तो ओठ चावून चावून पांढरा पडला होता. डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, माझ्या भाचीएवढी. तिनं फोटो नंतर बघितला, आधी विचारलं, "शेती आहे का? चिखलात उतरता? साखर कधीपासून?" मग म्हणाली, "हा टीबी नसावा असं मला वाटतं. चिखलात, भाताच्या शेतात राहणारा एक जंतू असतो. साखरेच्या माणसाला धरतो, हाडात जाऊन बसतो, आणि हुबेहूब टीबीसारखं सोंग घेतो." नाव सांगितलं मेलिऑइडोसिस. धाकटा म्हणाला, "नावातच मेला हाय." ती बिचारी हसावं की नाही या विचारात पडली.

पण नुसतं वाटून चालत नव्हतं. त्याचं औषध वेगळं, जहाल, महिनोन्महिन्यांचं, अंदाजानं द्यायचं नाही. हाडाचा तुकडा काढायचा, त्यात जंतू वाढवून बघायचा, आणि प्रयोगशाळेला आधीच सांगून ठेवायचं की काय शोधताय, नाहीतर ते नमुना खराब झाला म्हणून फेकून देतात. "मग आजपर्यंत का नाय सापडला?" मी विचारलं. तर म्हणाली, नमुना घ्यायच्या आधी सुया मारलेल्या. जंतू मरत नाही, नुसता दडून बसतो. त्याला बाहेर काढायचं तर सगळी औषधं बंद करायची. टीबीच्या गोळ्या बंद, सुया बंद. दोन आठवडे काही नाही. मग तुकडा काढायचा. "ताप येईल, दुखेल," ती म्हणाली. "मला दर तिसऱ्या दिवशी फोन करा. थंडी वाजली, धाप लागली, तर थांबायचं नाही, उचलून आणायचं. पण साधा ताप असेल तर सहन करा. एक सुई मारलीत तर सगळं पहिल्यापासून."

पेणचे डॉक्टर म्हणाले, इतकं थांबण्यात धोका आहे, माझ्या हातात असतं तर कापला असता. रोह्याची म्हणाली, थांबा. मी आपली पोहे भाजणाऱ्या नि पापड वाळवणाऱ्या बाईनं ठरवायचं, भावाचा पाय ठेवायचा की नाही. कुणाला विचारणार? नवरा म्हणाला, तुम्ही भावंडं ठरवाल ते. आबांना आता ऐकू कमी येतं. धाकट्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी म्हटलं, थांबू या. आये, हे दोन शब्द बोलायला मला किती बळ लागलं ते कुणाला सांगितलेलं नाही.

गावाला ठेवला तर कुणीतरी सुईवाल्याला हाक मारणार, म्हणून त्याला माझ्याचकडे ठेवून घेतला. साखरेची सुई तेवढी चालू होती. ती टोचताना तो म्हणायचा, "ही सुईत धरत नाय ना गो?" थट्टा करायचा बिचारा. पहिले चार दिवस बरे गेले. मग दुपार कलली की ताप चढायचा, डोळे लाल, पाय हलवला की ओरडायचा. पापड लाटणाऱ्या पोरी खाली माना घालून लाटत राहायच्या. "ताय, एकच मार गो. कुनाला नाय कळायचं." माझ्या डोळ्यांदेखत माझा भाऊ जळतोय, कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, आणि मी कपाळावर ओली घडी ठेवून त्याला गप्प बसवते आहे. देवाला म्हटलं, मेल्या, तुला कळतं का काय चाललंय ते? डॉक्टरणीला फोन केला की ती सगळं नीट विचारून घ्यायची आणि म्हणायची, अजून थोडं. त्या अजून थोडंचा मला तिटकारा आला होता.

आणि एका दुपारी मी गच्चीवर वाळवण बघायला गेले. खाली आले तर अंगणात मोटारसायकल. धाकट्याची बायको रोह्याहून आली होती, येताना सुईवाल्याला घेऊन. तो चहा पीत होता. सुई मारून झाली होती. धाकटा घामेजून शांत झोपला होता, किती दिवसांनी. सुईवाला म्हणाला, "ताई, लई भारी मारलीय, आता दुखनार नाय." पैसे घेतले नाहीत त्यानं. तो गेल्यावर मी वहिनीला जे बोलले ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही. तिचे आईबाप काढले. ती भिंतीशी उभी राहून ऐकत होती, आणि शेवटी म्हणाली, "मग काय करू, वन्सं? तुमच्या आईला तुम्ही बघत बसलात, तसं मी बघत बसू?" तिचं काय चुकलं होतं? आपल्यातलं कुणीही तेच केलं असतं. जो दुखतोय त्याला सुई मारायची, एवढीच माया आपल्याला येते.

डॉक्टरणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पुन्हा पहिल्यापासून. पण हाडाला आता जास्त वेळ नाही." धाकट्याला जाग आल्यावर सांगितलं. तो म्हणाला, "नाय. आता नाय. कापा. मला झेपत नाय, ताय." रडत नव्हता, ओरडत नव्हता. उद्या पेणच्या डॉक्टरांकडे ने म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून पडला. कंपनीत उभं राहून काम आहे त्याचं, बांधावरून चालत जाणारं शेत आहे. गुडघ्यावरून पाय गेला की यातलं काय उरलं असतं? मी त्याच्या पायथ्याशी बसले आणि माझ्या तोंडून निघून गेलं. म्हटलं, "डॉक्टरीण म्हणाली, आयला पन हेच झालेलं. टीबी नव्हताच तिला. तुझ्या हाडात हा जंतू सापडला की झालं सिद्ध. आय गोळ्या चुकवत नव्हती. गोळ्याच चुकीच्या होत्या."

डॉक्टरीण असं काही म्हणाली नव्हती. तुझा विषयसुद्धा निघाला नव्हता तिच्यापाशी.

तो वळला. खूप वेळ माझ्याकडे बघत होता, ताप उतरलेल्या स्वच्छ डोळ्यांनी. "खरं?" म्हणाला. मी म्हटलं, खरं. "आनि नाय सापडला तर?" मी म्हटलं, सापडणार. तो म्हणाला, "थांबतो."

आये, ते दुसरे बिनसुईचे दिवस त्यानं कसे काढले ते तू बघायला हवं होतंस. उशीचा अभ्रा दातांनी फाडला. पण सुई मागितली नाही. वहिनीनंच एकदा रडून म्हटलं, पुरे करा, तर तिला म्हणाला, "आयनं काढले ना? मी पन काढतो." मी तोंडात पदर कोंबून मागच्या दारी गेले. मनात एकच, हा थांबलाय तो माझ्या खोट्यासाठी, आणि नाही सापडला जंतू तर पाय जाईल, तो जाईल, आणि तूही त्याच्यापुढे परत खोटी ठरशील.

तुकडा काढला. प्रयोगशाळेला आधीच कळवलं होतं. आणि सापडला. डॉक्टरणीनं मोबाईलवर फोटो दाखवला, काचेच्या बशीत जांभळट सुरकुतलेले ठिपके, उन्हात वाळलेल्या मिरगुंडासारखे. मी तिचे हात धरले. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं, पोरगीच ती. म्हणाली, "आता औषध माहीत आहे. पाय राहील की नाही ते अजून सांगत नाही. हाड खरवडावं लागेल, अनेक आठवडे शिरेतून औषध, मग कितीतरी महिने गोळ्या. एकही चुकवायची नाही. चुकवली तर हा परत येतो." हाडांच्या डॉक्टरांनीच हाड खरवडून दिलं. मी त्या दिवशी केलेल्या तमाशाचा विषय त्यांनी काढला नाही.

सलाइन लावून तो पडला असताना मी तिला बाजूला घेऊन तुझं सगळं सांगितलं. शेत, गुडघा, लाल लघवी, गोळ्या, खंगणं. म्हटलं, हेच होतं ना? मला फक्त हो म्हणा. तिनं नीट ऐकून घेतलं. "असू शकेल," म्हणाली. "आणि टीबीही असू शकेल. औषधाला न जुमानणारा टीबीही असतो. तेव्हा काही तपासलं नाही, आता काही उरलेलं नाही. मी खोटं कसं सांगू?" मी म्हटलं, बरोबर आहे. तुम्ही नका सांगू.

ताप गेला. पाय अजून आहे. टेकवत नाही, काठीवर चालतो, डॉक्टरीण अजून बघू म्हणते. आता गोळ्यांवर आलाय. घड्याळ लावून घेतो, मी न विचारता तोंड उघडून दाखवतो आणि हसतो. "आयनं एक पन चुकवली नाय, मी कशाला चुकवीन," म्हणतो. भेटेल त्याला सांगतो, कंपनीतले लोक बघायला आले त्यांना सांगितलं, गावात तर सगळ्यांना. आबा आले तेव्हा त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आबा, आयला टीबी नव्हता! ती गोळ्या खायची!" आबांनी माझ्याकडे बघितलं. "डॉक्टरीन बोलली असं?" मी म्हटलं, व्हय. ते बराच वेळ आपले हात उलटसुलट करून बघत बसले. मग म्हणाले, "मंग मी तिला रोज आ करायला लावला तो..." तेव्हापासून धड जेवत नाहीत. वहिनी गावाला जाऊन येते, ती सांगते, पडवीत तुझ्या जागेकडे तोंड करून बसून असतात. जाऊन त्यांना सांगावं, आबा, मी खोटं बोलले, कुणालाच काही ठाऊक नाही, तर धाकट्याच्या कानावर जाईल आणि तो गोळ्या सोडील. नाही सांगावं तर म्हातारा असाच जाईल. मी कुणाला वाचवू, आये? सांग ना. तू तरी काही बोल.

हे कागद पापडाचा खार उकळते त्या चुलीत घालणार आहे. तुला कुठं पाठवू? आणि इथल्या कुणाच्या हाती लागून चालायचे नाहीत, कारण एक गोष्ट धाकट्याला नाही, आबांना नाही, माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तू होतीस तेव्हाच, एका सकाळी मी मागचं अंगण झाडत होते. मोरीचं पाणी जातं त्या केळीच्या बुंध्याशी तुझ्या गोळ्यांतली एक लाल कॅप्सूल पडली होती. ओली, अर्धी विरघळलेली. माझी बोटं लाल झाली. मी ती पायानं मातीत दाबली, हात धुतले आणि झाडत राहिले. एकच होती. मी नंतर रोज बघायचे, परत कधी दिसली नाही. पडली असेल, आये. आजारी माणसाच्या हातातून एखादी पडतेच.